न्यूस्टेड ॲबी: मठ, हवेली आणि तिचे धनी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नॉटिंगहॅममध्ये शिकायला किंवा नोकरीला आलेली मराठी मंडळी पहिल्या उन्हाळ्यात हमखास न्यूस्टेड ॲबीला जातात. तळ्याकाठी फोटो काढतात, "कवी बायरनचं घर" एवढं लक्षात ठेवतात आणि परततात. हे घर बायरनचं होतं हे खरंच, पण त्याची गोष्ट त्याच्या आधी सहाशे वर्षं सुरू झाली होती आणि त्याच्यानंतर ती थेट मुंबई-नाशिकपर्यंत पोहोचली. घराच्या प्रत्येक धन्याकडे पैसा कुठून आला, हे विचारत गेलं की ही गोष्ट नीट उलगडते. पुढची उत्तरं त्याच अंगाने लिहिली आहेत.

न्यूस्टेड ॲबी म्हणजे नेमकं काय?

नॉटिंगहॅमच्या उत्तरेला सुमारे 12 मैलांवर, जुन्या शेरवुड जंगलाच्या मुलखात उभी असलेली दगडी हवेली. आधी इथे ख्रिस्ती मठ होता. 1540 मध्ये तो बायरन घराण्याच्या हाती गेला आणि त्याचं राहतं घर झालं. आज घर आणि भोवतालची सुमारे 300 एकरांची बाग नॉटिंगहॅम शहराच्या मालकीची आहे. लीन नावाची छोटी नदी या आवारातून वाहते. तिच्यावर बांध घालून केलेली तळी हे इथलं मोठं आकर्षण.

मठ कोणी बांधला? बेकेटच्या हत्येचं प्रायश्चित्त म्हणून बांधला, हे खरं का?

मठाला जमीन दिली राजा दुसरा हेन्री याने, बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात, 1170 च्या आसपास. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कँटरबरीचा आर्चबिशप थॉमस बेकेट याचा राजाच्या सरदारांनी चर्चमध्येच खून केला. त्यामुळे "पापक्षालनासाठी राजाने मठ बांधला" ही कथा जोडली गेली. ती दंतकथा म्हणूनच ऐकावी. त्या काळचे राजे जंगलातली पडीक जमीन मठांना देतच असत. जमीन लागवडीखाली येई, वाटसरूंना आसरा मिळे आणि राजाच्या आत्म्यासाठी रोज प्रार्थना होई.

इथे ऑगस्टिनियन पंथाचे मठवासी राहत. ते दीक्षा घेतलेले धर्मगुरू होते. काळा झगा घालत, एकत्र जेवत, ठरल्या वेळी प्रार्थना करत आणि आसपासच्या गावांतल्या चर्चची कामंही बघत. मठ तसा लहानच. त्याच्या प्रमुखाला 'प्रायर' म्हणत, म्हणून कागदोपत्री ही जागा 'प्रायरी' होती. 'ॲबी' हा वरचा दर्जा तिला कधीच नव्हता. ते भारदस्त नाव घर झाल्यावर चिकटलं.

मठवासी खात-पीत काय? पैसा कुठून येई?

जमिनीचा खंड, गावांकडून येणारा धर्मकर, मेंढ्यांची लोकर आणि तळ्यातले मासे. उपासाच्या दिवशी मांस वर्ज्य असल्यामुळे बहुतेक मठ मासे पाळण्यासाठी तळी राखत, आणि न्यूस्टेडच्या बागेतलं चौकोनी तळं त्याच प्रकारातलं आहे. एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मठ म्हणजे जगापासून तुटलेली शांत जागा, असं चित्र आपल्या मनात असतं. प्रत्यक्षात मठ हा मुलखातला जमीनदार होता. त्याचे कुळांशी तंटे होते, राजाकडे अर्ज होते, कर्जंही होती. ते लक्षात घेतल्याशिवाय पुढे जे घडलं त्याचा उलगडा होत नाही.

मग मठ बंद का पडला?

आठव्या हेन्रीमुळे. 1534 मध्ये त्याने कायदा करून इंग्लंडच्या चर्चचं प्रमुखपद पोपकडून स्वतःकडे घेतलं. पुढच्याच वर्षी त्याच्या अधिकाऱ्यांनी देशभरच्या चर्चच्या आणि मठांच्या उत्पन्नाची मोजदाद केली. धर्माच्या कामासाठी म्हणून झालेली ही मोजदाद खरं तर खजिन्यासाठी होती, असं माझं स्पष्ट मत आहे. मंत्री थॉमस क्रॉमवेलच्या हाती त्यामुळे साऱ्या मठांच्या जमिनीची आणि मिळकतीची यादी आली.

1536 मध्ये पहिला कायदा झाला. वर्षाला 200 पौंडांपेक्षा कमी उत्पन्न असलेले लहान मठ बरखास्त करून त्यांची मालमत्ता राजाच्या नावे करायची, असा तो कायदा. न्यूस्टेडचं उत्पन्न या मर्यादेच्या आतलं होतं, म्हणजे पहिल्याच फटक्यात ते जायला हवं होतं. मठवासीयांनी राजाला 233 पौंडांहून जास्त रक्कम भरून सवलत विकत घेतली. वर्षभराच्या उत्पन्नापेक्षा मोठी रक्कम! ती त्यांनी कशी उभी केली असेल याचा विचार करून बघा. जी जागा साडेतीनशे वर्षं आपली होती, तीच टिकवण्यासाठी त्यांना पैसे मोजावे लागले.

आणि त्या पैशांनी विकत मिळाली ती जेमतेम दोन वर्षं. मोठ्या मठांवरही वरवंटा फिरू लागला आणि 21 जुलै 1539 रोजी प्रायर जॉन ब्लेक आणि त्याच्या सोबत्यांनी मठ राजाच्या स्वाधीन केला. तेव्हा मठात उरले होते जेमतेम डझनभर लोक. विरोध न करता सही करणाऱ्यांना निवृत्तिवेतन मिळालं. विरोध करणाऱ्या काही मठप्रमुखांना दुसरीकडे फाशी झाली होती, ते सगळ्यांच्या कानावर होतं. म्हणून "त्यांनी राजीखुशीने मठ सोडला" असं कुणी लिहिलं तर ते मला पटत नाही.

1540 च्या वसंतापर्यंत इंग्लंड आणि वेल्समधले आठशेच्या आसपास मठ संपले. जमिनी विकायला काढल्या गेल्या. ज्यांच्याकडे रोकड होती आणि दरबारात वशिला होता, त्यांनी त्या घेतल्या. इंग्लंडच्या नव्या जमीनदार वर्गाचा पाया इथे घातला गेला. आज आपण ज्या देखण्या इंग्लिश हवेल्या तिकीट काढून बघतो, त्यांतल्या कितीतरी हवेल्या या लिलावातून जन्मल्या.

तळ्यात सापडलेल्या पितळी गरुडाची गोष्ट खरी आहे का?

गरुड खरा आहे, आणि तो आजही बघता येतो. मठाच्या चर्चमध्ये ग्रंथवाचनासाठी पितळी पीठ होतं. पंख पसरलेला गरुड गोलावर उभा आणि त्याच्या पंखांवर ग्रंथ ठेवायचा, अशी त्याची घडण. राजाची माणसं येणार म्हटल्यावर मठवासीयांनी ते तळ्यात टाकलं, असं परंपरेने सांगतात. अठराव्या शतकात ते तळ्यातून वर काढलं गेलं. साफसफाई करताना पोकळ गोलात मठाचे जुने कागद सापडले. पुढे ते पीठ साउथवेल मिन्स्टर या मोठ्या चर्चला मिळालं आणि आजही तिथेच आहे. न्यूस्टेडहून साउथवेल फार लांब नाही. दोन्ही जागा बघणं जमलं तर जरूर बघा. मठाची चीज मठात नाही, पण चर्चमध्ये पुन्हा कामाला लागली, याचं मला फार समाधान वाटतं.

बायरन घराण्याने मठाचं घर कसं केलं? आणि चर्चची नुसती समोरचीच भिंत का उभी आहे?

कोलविकचा सर जॉन बायरन याने मे 1540 मध्ये मठ आणि भोवतालची जमीन 810 पौंडांना घेतली. त्याने नवं घर बांधलं नाही. जे होतं त्यातच तो राहायला आला. बहुतेक मठांची मांडणी ठरलेली असे. मध्ये आपल्या वाड्यातल्या चौकासारखं मोकळं अंगण, त्याच्या चारी बाजूंनी छप्पर असलेली पडवी, एका बाजूला चर्च आणि उरलेल्या तीन बाजूंना भोजनगृह, सभागृह, निजण्याच्या खोल्या, मठप्रमुखाचं निवासस्थान. या तीन बाजूंचं घर सहज होत होतं. धूर जाण्याच्या सोयी, पाण्याचे पाट, जाड भिंती, सगळं तयार. नको होतं ते फक्त चर्च.

म्हणून चर्च पाडलं. छपराचं शिसं आणि कोरीव दगड यांना बाजारात किंमत होती. पण तेराव्या शतकातली पश्चिमेची दर्शनी भिंत ठेवली, कारण ती घराच्या शेजारी, घराच्याच ओळीत उभी होती आणि घराला रुबाब देत होती. त्यामुळे आज समोरून बघताना भलंथोरलं चर्च असल्याचा भास होतो. मधल्या मोठ्या कमानीत काच नाही, मागे छत नाही, आत हिरवळ. भिंतीच्या अगदी वरच्या टोकाला, कोनाड्यात, मेरी आणि बालयेशूची मूर्ती अजून शाबूत आहे. धर्मसुधारणेच्या धामधुमीत देशभर अशा मूर्ती फोडल्या गेल्या. ही बहुधा उंचीमुळे वाचली असावी.

जाणकार नजरेला आणखी एक गंमत दिसेल. या भिंतीला दोन्ही बाजूंना सारखे भाग आहेत, जणू मागे मधला गाभारा आणि दोन बाजूंच्या वाटा असाव्यात. प्रत्यक्षात चर्चला उत्तरेकडेच बाजूची वाट होती. दक्षिणेला लगेच अंगण लागत होतं. दक्षिणेचा भाग केवळ समतोलासाठी उभारलेला देखावा. म्हणजे दिखाव्याची हौस बायरन घराण्याआधी मठवासीयांनाही होती.

अंगण आणि भोवतालच्या पडव्या आजही मठाच्याच आहेत. जिथे मठवासी रोज सकाळी जमून नियमांचं वाचन ऐकत, ते सभागृह पुढे घराचं खासगी प्रार्थनामंदिर झालं. भोजनगृहाचा दिवाणखाना झाला.

'दुष्ट लॉर्ड' कोण होता?

कवीचा चुलत आजोबा, पाचवा लॉर्ड बायरन. (घराण्याला 'लॉर्ड' ही पदवी 1643 मध्ये मिळाली. यादवी युद्धात राजाच्या बाजूने लढल्याचं ते बक्षीस होतं.) जानेवारी 1765 मध्ये लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावरच्या एका खाणावळीत त्याचं शेजारच्या ॲनस्लीच्या विल्यम चॅवर्थशी भांडण झालं. कारण काय, तर शिकारीची जनावरं कुणाच्या जमिनीवर जास्त आहेत! दोघे एका अंधुक खोलीत गेले आणि तलवारीच्या घावाने चॅवर्थ मेला. खटला उमरावांच्या सभागृहापुढे चालला, सदोष मनुष्यवधाचा दोष सिद्ध झाला आणि उमरावाच्या विशेषाधिकारामुळे हा गृहस्थ नाममात्र फी भरून घरी परतला.

पुढची तीस वर्षं त्याने न्यूस्टेडची लाकडं तोडली, चित्रं विकली, घर गळू दिलं. तळ्याकाठी खेळण्यातले किल्ले बांधून लुटुपुटीच्या नौदलाच्या लढाया लढवणं हा त्याचा छंद. मुलावरच्या रागाने त्याने मुद्दाम मालमत्तेचं वाटोळं केलं, असं सांगतात. मला तरी कर्ज हेच साधं आणि पुरेसं कारण वाटतं. मुलगा आणि नातू दोघेही त्याच्या आधी गेले. 1798 मध्ये तो वारला आणि वारसा गेला स्कॉटलंडमध्ये आईबरोबर भाड्याच्या खोल्यांत वाढलेल्या दहा वर्षांच्या जॉर्ज गॉर्डन बायरनकडे.

कवी बायरन इथे किती वर्षं राहिला?

लोकांना वाटतं त्यापेक्षा फार कमी. 1798 च्या उन्हाळ्यात आई त्याला घेऊन आली तेव्हा घराच्या बऱ्याच भागात राहण्याची सोयच नव्हती. 1803 ते 1808 घर लॉर्ड ग्रे या भाडेकरूकडे होतं. त्या दिवसांत सुट्टीत आलेला पोरसवदा बायरन जवळच्या ॲनस्लीच्या मेरी चॅवर्थच्या प्रेमात पडला. ज्याला चुलत आजोबाने मारलं त्याच घराण्यातली ही मुलगी. तिचं लग्न दुसरीकडे झालं.

1808 च्या शरदात तो स्वतः राहायला आला. छप्पर दुरुस्त करायला पैसे नव्हते, पण आपल्या खोल्या त्याने उत्तम सजवल्या. केंब्रिजहून आणलेला सोनेरी नक्षीचा पलंग अजून तिथेच आहे. मित्र जमवून मठवासीयांसारखे झगे घालून रात्री जागवायच्या, मोठ्या दालनात पिस्तुलाचा नेम धरायचा, हे सगळं याच काळातलं. 1809 मध्ये तो भूमध्य समुद्राकडे दोन वर्षांच्या प्रवासाला निघून गेला. परतल्यावर, 1811 च्या ऑगस्टमध्ये, त्याची भेट व्हायच्या आधीच आई न्यूस्टेडमध्ये वारली.

त्या हिवाळ्यात त्याने आसपासच्या गावांतल्या विणकरांची उपासमार पाहिली. नव्या मागांमुळे आणि मंदीमुळे हे लोक देशोधडीला लागत होते, रात्री माग फोडत होते. सरकारने माग फोडणाऱ्याला फाशी देणारा कायदा आणला. 27 फेब्रुवारी 1812 रोजी उमरावांच्या सभागृहातलं आपलं पहिलं भाषण बायरनने या विणकरांच्या बाजूने केलं. कायदा मंजूर झालाच. तरीही, न्यूस्टेडच्या त्याच्या वास्तव्यातली मला सर्वात मोलाची वाटणारी गोष्ट ही आहे. मेजवान्यांच्या कथा सगळे सांगतात, भाषण फार थोडे सांगतात.

कवटीच्या पेल्याची कथा?

बागेत खोदकाम करताना माळ्याला एक कवटी सापडली. ती जुन्या मठवासीयाची असावी असं समजून बायरनने तिला चांदीची कड लावून पेला करवला, त्यावर कविताही लिहिली. त्याच्या चाहत्यांना हा प्रकार रोमांचक वाटतो. मला तो वाटत नाही. जिथे माणसं श्रद्धेने पुरली गेली ती जागा विकत घेतली म्हणजे तिथल्या अस्थीही आपल्या झाल्या, ही मालकाची भावना त्यामागे आहे. 1540 मध्ये सुरू झालेल्या व्यवहाराचं ते पुढचं टोक होतं.

आणि कुत्र्याची समाधी?

बोट्सवेन हा न्यूफाउंडलंड जातीचा त्याचा लाडका कुत्रा नोव्हेंबर 1808 मध्ये पिसाळून मेला. बायरनने शेवटपर्यंत त्याची शुश्रूषा केली. चर्चची वेदी जिथे असेल असं त्याला वाटलं तिथे त्याने दगडी समाधी बांधली. स्वतःलाही तिथेच पुरावं, असं त्याने 1811 च्या मृत्युपत्रात लिहिलं होतं. ते झालं नाही, कारण तोवर जागाच हातची गेली होती.

एवढा जीव होता तर त्याने घर का विकलं?

कर्ज. "न्यूस्टेड आणि मी एकत्रच उभे राहू किंवा पडू" अशा आशयाचं त्याने आईला लिहिलं होतं, पण सावकारांना त्याचं काय? 1812 मध्ये घर लिलावात काढलं. क्लॉटन नावाच्या वकिलाने 1,40,000 पौंड द्यायचं कबूल केलं आणि पैसे उभे न राहिल्याने अनामत गमावून माघार घेतली. अखेर 1817 च्या शेवटी बायरन इटलीत असताना सौदा झाला. शाळेतला त्याचा सोबती कर्नल थॉमस वाइल्डमन याने घर 94,500 पौंडांना घेतलं. बायरनने न्यूस्टेड पुन्हा पाहिलं नाही.

वाइल्डमनने घर वाचवलं असं म्हणतात. त्याच्याकडे एवढा पैसा कुठून आला?

वाचवलं हे खरं. तो वॉटर्लूच्या लढाईत लढलेला सैनिक. वास्तुरचनाकार जॉन शॉ याला घेऊन त्याने पुढची कितीतरी वर्षं घराची डागडुजी केली, नवा ससेक्स मनोरा बांधला आणि बायरनच्या खोल्या जशाच्या तशा ठेवल्या. आज घराचं जे रूप दिसतं त्यातलं बरंचसं त्याचं आहे.

पैसा आला जमैकातून. त्याचे वडील गर्भश्रीमंत बेकफर्ड घराण्याचे वकील होते. त्या संबंधातून वाइल्डमन कुटुंबाकडे जमैकातला 'क्वेबेक' नावाचा उसाचा मळा आला. त्या मळ्यात गुलाम केलेले आफ्रिकी स्त्री-पुरुष राबत होते. न्यूस्टेडचं छप्पर, मनोरा आणि लाकडी कोरीवकाम हे त्यांच्या श्रमावर उभं आहे. 1833 च्या कायद्याने ब्रिटिश वसाहतींतली गुलामी संपवायचं ठरलं, तेव्हा सरकारने 2 कोटी पौंड भरपाई दिली, तीही मालकांना. राबणाऱ्यांना एक पेनी नाही. घर बघताना हे बोलू नये, सौंदर्याचा विरस होतो, असं काहींना वाटतं. मला वाटतं, हे न सांगता घर दाखवणं म्हणजे अर्धं घर झाकून ठेवणं.

लिव्हिंग्स्टनचा इथे काय संबंध? आणि मुंबई-नाशिकचा?

वाइल्डमन 1859 मध्ये वारला. 1861 मध्ये घर घेतलं विल्यम फ्रेडरिक वेब याने. आफ्रिकेत शिकारीला गेलेला असताना तो आजारी पडला होता आणि मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनने त्याला मदत केली होती. ती ओळख त्याने जपली. सप्टेंबर 1864 ते एप्रिल 1865 लिव्हिंग्स्टन मुलगी ॲग्नेसला घेऊन न्यूस्टेडमध्ये राहिला आणि झांबेझी नदीच्या मोहिमेचा वृत्तांत त्याने ससेक्स मनोऱ्यातल्या खोलीत बसून लिहिला. जमैकाच्या गुलामांच्या कष्टावर बांधलेल्या मनोऱ्यात बसून तो पूर्व आफ्रिकेतल्या गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लिहीत होता.

न्यूस्टेडला येण्याआधी काही महिने तो मुंबईत होता. 'लेडी न्यासा' ही छोटी आगबोट झांझिबारहून हाकारत तो जून 1864 मध्ये मुंबई बंदरात पोहोचला. त्याच्याबरोबर चुमा नावाचा मुलगा होता, ज्याची आधी गुलामांच्या तांड्यातून सुटका झाली होती, आणि सूसी नावाचा तरुण खलाशी. इंग्लंडला जाताना त्याने दोघांना मुंबईतच ठेवलं. चुमा डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशन शाळेत शिकू लागला. आज ज्यांच्या नावाने गिरगाव चौपाटीजवळ विल्सन कॉलेज उभं आहे, तेच हे विल्सन. सूसीने गोदीत काम केलं. म्हणजे लिव्हिंग्स्टन न्यूस्टेडमध्ये वृत्तांत लिहीत होता त्या हिवाळ्यात हे दोघे मुंबईत दिवस काढत होते.

सप्टेंबर 1865 मध्ये लिव्हिंग्स्टन परत मुंबईला आला. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी त्याला साह्य केलं. आगबोट त्याने 2,300 पौंडांना विकली, तिच्यावर खर्चलेल्या पैशाच्या निम्म्याहूनही कमी किमतीला. मग तो नाशिकला गेला. नाशिकजवळ शरणपूरला मिशनचा आश्रम होता. अरबी समुद्रात ब्रिटिश नौदलाने गुलामांची गलबतं पकडली की सुटलेली आफ्रिकी मुलं मुंबईला आणली जात आणि त्यांतली बरीच शरणपूरला पाठवली जात. तिथे ती लिहायला-वाचायला, सुतारकाम, लोहारकाम शिकत. आई-बाप, भाषा, गाव सगळं हरवलेली ही मुलं गोदाकाठी वाढली. त्यांतले नऊजण लिव्हिंग्स्टनबरोबर निघाले. चुमा आणि सूसीही निघाले. 1872 मध्ये त्याच्या मदतीसाठी आणखी एक तुकडी गेली, तिच्यातही नाशिकचे तरुण होते. त्यांतलाच एक जेकब वेनराइट.

1 मे 1873 च्या सुमारास, आजच्या झांबियात, लिव्हिंग्स्टन मरण पावला. सोबत्यांना ते शरीर तिथेच पुरून घरी जाता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. काळीज झाडाखाली पुरलं, जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडावर नाव कोरलं. मग शव वाळवून, झाडाच्या सालीत गुंडाळून, चुमा आणि सूसीच्या नेतृत्वाखाली ही माणसं सुमारे हजार मैल चालत किनाऱ्यावर बागामोयोला पोहोचली. लिव्हिंग्स्टनची रोजनिशी आणि टिपणंही त्यांनी सुखरूप आणली. त्यांच्या या निर्णयाशिवाय त्याच्या अखेरच्या वर्षांचं काहीही जगाला कळलं नसतं.

जेकब शवाबरोबर इंग्लंडला गेला. 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधी झाला, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत नाशिकला शिकलेला जेकब होता आणि न्यूस्टेडचा धनी वेबही. चुमा आणि सूसी थोडे उशिरा पोहोचले. त्या उन्हाळ्यात ते न्यूस्टेडला आले. होरेस वॉलर हा संपादक रोजनिशी छापायला तयार करत होता, त्याला नावं, ठिकाणं, घटनाक्रम हे दोघे समजावून सांगत होते. त्या भेटीतलं छायाचित्र उपलब्ध आहे. लिव्हिंग्स्टनची मुलं, वॉलर आणि त्यांच्यासोबत चुमा आणि सूसी. न्यूस्टेडची सगळी चित्रं एकीकडे आणि हे एक छायाचित्र एकीकडे, असं मी म्हणेन.

नाशिककरांना तर ही गोष्ट शाळेत सांगायला हवी. शरणपूरचे अनेक आफ्रिकी विद्यार्थी पुढे मोंबासाजवळ वसवलेल्या फ्रिअर टाउन वसाहतीत गेले, आणि पूर्व आफ्रिकेत ते 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणूनच ओळखले गेले.

वेब कुटुंबाने आणखी काय केलं?

बागा केल्या. वेबची मुलगी एथेल हिने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे जपानी बाग केली. पाण्याचे झरे, दगडी दिवे, छोटे पूल. पावसाळी दिवशी ती सर्वांत छान दिसते.

आज मालकी कोणाची? सरकारकडे कसं आलं?

वेबच्या वारसांकडून सर जुलियन कान या नॉटिंगहॅमच्या फर्निचर व्यापाऱ्याने घर घेतलं आणि 1931 मध्ये शहराला भेट दिलं. कान क्रिकेटवेडा होता, त्याचा स्वतःचा संघ होता. हस्तांतराच्या समारंभाला ग्रीसचे पंतप्रधान व्हेनिझेलोस आले होते, कारण ग्रीसच्या स्वातंत्र्यलढ्यात सामील व्हायला गेलेला बायरन 1824 मध्ये तिथेच वारला. चारशे वर्षांच्या खासगी मालकीनंतर ही जागा प्रथमच सर्वांची झाली. कानचं हे देणं मला इतर सगळ्या धन्यांच्या बांधकामापेक्षा मोठं वाटतं. मात्र जुन्या दगडाची निगा फार महाग असते आणि नगरपालिकांची तिजोरी तंग आहे. म्हणून तिकिटाचे पैसे कुरकुर न करता द्या.

बायरनची कबर इथे आहे का?

नाही. ती जवळच्या हकनॉल गावच्या सेंट मेरी मॅग्डलीन चर्चमध्ये आहे. त्याच्या बदलौकिकामुळे वेस्टमिन्स्टर ॲबीने तेव्हा जागा नाकारली. तिथे त्याच्या नावाची शिळा बसली ती थेट 1969 मध्ये. हकनॉललाच त्याच्या शेजारी त्याची मुलगी ॲडा लव्हलेस हिला पुरलं आहे. संगणकाच्या इतिहासात जिचं नाव आदराने घेतात तीच ही ॲडा. बाप तान्हेपणीच दुरावला होता. 1850 मध्ये वाइल्डमनची पाहुणी म्हणून तिने न्यूस्टेड पाहिलं. दोन वर्षांनी, बापाच्याच वयाला, म्हणजे छत्तिसाव्या वर्षी ती वारली आणि तिच्या इच्छेप्रमाणे त्याच्याजवळ विसावली.

एका दिवसात काय काय बघता येईल?

नॉटिंगहॅमहून ट्रामने हकनॉलला जाऊन आधी चर्च बघा. मग न्यूस्टेड. बसने गेलात तर मुख्य रस्त्यावरच्या फाटकापासून घरापर्यंत झाडीतून बरंच चालावं लागतं. आजी-आजोबा बरोबर असतील तर गाडी बरी. बाग आणि घर यांच्या वेळा वेगळ्या असतात, घर सगळे दिवस उघडं नसतं, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. आत शिरण्याआधी समोरच्या भिंतीपुढे थोडा वेळ थांबा आणि वरची मूर्ती शोधा. आत गेल्यावर अंगणाच्या पडव्या, प्रार्थनामंदिर, बायरनची निजण्याची खोली. लिव्हिंग्स्टनच्या वास्तव्याबद्दल तिथल्या स्वयंसेवकांना आवर्जून विचारा, आणि शरणपूरची गोष्ट त्यांना तुम्ही सांगा.

मठाच्या झालेल्या अशा आणखी कोणत्या हवेल्या बघाव्यात?

विल्टशरमधली लेकॉक ॲबी. तो जोगिणींचा मठ होता, आणि तिथल्याच खिडकीच्या छायाचित्राचं निगेटिव्ह हेन्री फॉक्स टॅलबटने 1835 मध्ये कागदावर उतरवलं. डेव्हनमधली बकलंड ॲबी वेगळीच. तिथे चर्च पाडलं नाही, चर्चच्याच पोटात मजले घालून घर केलं, आणि ते पुढे दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेकने विकत घेतलं.